पहिल्या अक्षरापूर्वीं

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षांत सकाळचा पहिला तास असला म्हणजे एक लहानसा प्रसंग नेहमीं घडतो. मुलें आपापल्या जागीं बसतात, बटण दाबतात, यंत्राचा पंखा फिरूं लागतो. परंतु पडदा मात्र कांहीं क्षण काळाच राहतो. तेवढे क्षण मुलांना सहन होत नाहींत. कोणी बटण पुन्हां दाबतो, कोणी कळफलकावर बोटें आपटतो, कोणी हळूच म्हणतो, “सर, हें झोपलें आहे.” गेलीं अनेक वर्षें आम्ही त्यांना एकच उत्तर देत आलों : “थांब, तयारी चालली आहे.” कसली तयारी, हें कोणी विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तर आम्हांला सांगतां आलें नसतें, कारण तें आम्हांलाच ठाऊक नव्हतें. त्या काळ्या पडद्यामागें काय चालतें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, हा या लेखाचा हेतु आहे. तें ज्ञान आम्हांला कोणामुळें व किती उशिरां झालें, याची कबुलीहि त्याबरोबरच द्यावी लागणार आहे.

गेल्या वर्षीं पावसाळ्यांत नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर आमच्या परवानगीनें कक्षांत बसूं लागला. मुलगा अबोल, परीक्षेंत मधल्या क्रमांकाचा, वर्गांत हात वर करणाऱ्यांपैकीं नव्हे. एके सायंकाळीं आम्ही दार लावावयास गेलों, तों त्याच्यापुढील यंत्राचें विचित्र वर्तन आमच्या दृष्टीस पडलें. पडदा काळा होई, डोळा मिटण्याच्या आंत कोपऱ्यांत कांहीं तरी चमके, पुन्हां अंधार होई, आणि यंत्र पहिल्यापासून सुरू होई. हें एकसारखें चाललें होतें. आम्हीं विचारलें, “अरे, हें काय करून ठेवलेंस?” तो म्हणाला, “सर, यंत्र बिघडलें नाहीं. माझीच एक आज्ञा कोठें तरी चुकते आहे.”

ज्या गोष्टीची आपल्याला माहिती नसते तिची भीति फार वाटते, आणि भीतीला रागाचें रूप घ्यावयास वेळ लागत नाहीं. यंत्र एका माजी विद्यार्थ्यानें दिलेलें. दुरुस्तीसाठीं हातीं पैसा नाहीं. आम्हीं त्याचा पेनड्राइव्ह काढून घेतला, त्याची वही घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमक्ष त्याला बोल लावून दिवाळीच्या सुटीपर्यंत कक्षांत येण्याची बंदी केली. त्याच दिवशीं तें यंत्र पूर्वीसारखेंच सुरळीत चालू झालें. तें आमच्या शिक्षेमुळें झालें असें मानण्याइतके आम्ही भोळे नव्हतों. परंतु तें कां झालें याचा तपास करण्याइतके प्रामाणिकहि नव्हतों.

पुढें पालकसभेंत त्याचे वडील आम्हांला भेटले. ते विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतात. हात जोडून म्हणाले, “सर, पोरानें काय नासलें असेल तें सांगा. हप्त्यानें भरून देतों.” आम्हीं सांगितलें, “भरावयाचें कांहीं नाहीं. यंत्र चालू आहे.” ते थोडे थांबले व म्हणाले, “सर, रागावूं नका. आमच्याकडे शेतकरी मोटार घेऊन येतो. म्हणतो, जळाली. उघडून पाहावें तर मोटार धड असते. नुसता स्टार्टर पडलेला असतो. आणि स्टार्टर पडतो म्हणूनच मोटार वांचते. तुमच्या यंत्राचेंहि तसें कांहीं असेल का?” आम्हीं कांहीं तरी उत्तर देऊन तो विषय मिटविला, परंतु तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना. दिवाळीची सुटी लागली तेव्हां आम्हीं खणांतून ती वही काढली.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘५१२’ हा आंकडा, आणि त्याखालीं ‘५१० + २’ एवढेंच होतें. आम्ही गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन पदवीधर झालों. वीसएक वर्षें तेच विषय शिकवीत आलों. परंतु नववीच्या मुलाच्या वहीचें पहिलें पान आम्हांला कळलें नाहीं. मग आम्ही विद्यार्थी झालों. इंटेल कंपनीनें आपल्या प्रोसेसरांविषयींचे जाडजूड ग्रंथ कोणालाहि विनामूल्य वाचावयास ठेविले आहेत. आमच्या कक्षांतील यंत्रांवर जी लिनक्स नांवाची ऑपरेटिंग सिस्टिम चालते, तिच्या सर्व आज्ञा तर पुस्तकासारख्या उघड्या आहेत. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लीनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं तिचा आरंभ केला. तिच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. हा सैन्यांतला कर्नल नव्हे, तर फळाच्या कोयींतील गर, अशा अर्थाचा हा शब्द आहे. कर्नेलचा बहुतेक भाग सर्व जातींच्या यंत्रांना सारखाच चालतो. परंतु अगदीं तळाशीं एक लहान भाग असा असतो कीं, तो प्रत्येक जातीच्या प्रोसेसरासाठीं निराळा लिहावा लागतो. प्रोसेसर जागा झाल्यापासून तो काम करण्यास योग्य होईपर्यंत त्याची सर्व सिद्धता हा भाग करतो. मुलाची वही त्याच भागाविषयीं होती.

बटण दाबल्यावर प्रोसेसर जागा होतो तेव्हां त्याला जवळजवळ कांहींच ठाऊक नसतें. एवढेंच ठरलेलें असतें कीं, पहिली आज्ञा कोठून वाचावयाची. १९८५ सालच्या ८०३८६ या प्रोसेसरापासून ती जागा ४ गिगाबाइटांच्या सीमेच्या अलीकडे अवघ्या १६ बाइटांवर आहे. सोळा बाइटांत मोठें काम मावत नाहीं. म्हणून तेथें बहुधा एकच आज्ञा असते : अमुक ठिकाणीं जा. तेथें यंत्राच्या बोर्डावर कायमचा कोरलेला बायॉस हा कार्यक्रम असतो. तो मेमरी, कळफलक, डिस्क इत्यादि तपासतो. आणि जुन्या पद्धतीच्या यंत्रांत डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचून ते मेमरींत ३१,७४४ या पत्त्यावर ठेवतो. त्यांतील शेवटचे दोन बाइट ८५ आणि १७० हे असले, तरच तो त्यांना सुरू करण्याजोगें समजतो. विद्यार्थ्यांनीं हे दोन आंकडे द्विमान पद्धतीनें मांडून पाहावे : ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. एक दुसऱ्याच्या अगदीं उलट! हेच आमच्या विद्यार्थ्याचे ‘५१० + २’. दोन बाइट खुणेचे, आणि स्वतःचें सर्व कांहीं सांगावयास उरले ५१०.

आतां खरी आश्चर्याची गोष्ट पाहूं. अलीकडचा प्रोसेसर कितीहि सामर्थ्यवान् असो, जागा होतांना तो स्वतःला १९७८ सालचा ८०८६ समजतो! त्या मूळ प्रोसेसरांत सुमारे २९,००० ट्रान्झिस्टर होते. त्याचे रजिस्टर सोळा बिटांचे, म्हणजे त्यांत ६५,५३५ पर्यंतचीच संख्या मावे. परंतु मेमरीकडे जाणाऱ्या पत्त्याच्या तारा वीस होत्या, म्हणजे १०,४८,५७६ जागा मोजतां येत. लहान आंकड्यांनीं मोठा पत्ता कसा लिहावा? त्यावर त्यांनीं युक्ति काढली कीं, एका संख्येला सोळांनीं गुणून तींत दुसरी मिळवावी. आतां मुलांनीं दोन्ही संख्या ६५,५३५ धरून गणित करावें. उत्तर ११,१४,०९५ येतें. घरें साडेदहा लाखांच्या आंतच, आणि पत्ता अकरा लाखांचा! जादा पत्ता वळसा घालून पुन्हां शून्याकडून मोजला जाई. कांहीं कार्यक्रमांनीं या वळशाचाच उपयोग करून घेतला.

पुढें १९८२ सालीं ८०२८६ हा प्रोसेसर आला. त्याच्या पत्त्याच्या तारा चोवीस होत्या. त्यामुळें वळसा नाहींसा झाला आणि त्यावर विसंबलेले जुने कार्यक्रम अडचणींत आले. आय.बी.एम. कंपनीनें १९८४ सालच्या आपल्या यंत्रांत यावर असा तोडगा काढला कीं, एकविसाव्या तारेवर एक फाटक बसविलें. फाटक बंद असलें म्हणजे नवा प्रोसेसर जुन्यासारखा वळसा घेई. आणि तें फाटक उघडण्याची दोरी कोठें बांधली? कळफलकाचें काम पाहणाऱ्या एका चिपेचा एक पाय मोकळा होता, त्याला! शून्यापासून मोजतां त्या तारेचा क्रमांक विसावा येतो, म्हणून तिला ‘ए-वीस’ म्हणतात. कळफलकाचा आणि मेमरीचा काडीचा संबंध नसतां हा संसार एकत्र मांडला गेला, आणि पुढें किती तरी वर्षें प्रत्येक कर्नेल लिहिणाऱ्याला तो सांभाळावा लागला.

लिनक्सचा तळचा भाग हें फाटक कसें उघडतो तें वाचतांना आमची करमणूकहि झाली व आदरहि वाढला. फाटक उघडलें आहे असें तो गृहीत धरीत नाहीं. खालच्या एका जागीं एक आंकडा लिहितो, आणि बरोबर एक मेगाबाइट पुढच्या जागीं तोच दिसतो का तें पाहतो. तेथेंहि तोच दिसूं लागला तर दोन्ही पत्ते एकाच घराचे, म्हणजे फाटक बंद. मग बायॉसला विनंति करतो. नाहीं जमलें तर कळफलकाच्या चिपेला सांगतो. तरीहि नाहीं तर आणखी एका मार्गानें प्रयत्न करतो. हा सर्व क्रम तो २५५ वेळांपर्यंत करून पाहतो. इतकेंहि करून उघडलें नाहीं तर तसें पडद्यावर स्पष्ट सांगून तो थांबतो. कारण कर्नेलचा मोठा भाग एक मेगाबाइटच्या पुढें ठेवलेला असतो, आणि फाटक बंद ठेवून तेथें जाणें म्हणजे भलत्याच घरांत शिरणें होय.

परंतु नुसतें फाटक उघडून भागत नाहीं. जुन्या अवस्थेंत कोणताहि कार्यक्रम मेमरींत कोठेंहि लिहूं शकतो. शेजाऱ्याचें पुसूं शकतो. खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचेंहि पुसूं शकतो. पहारा असा नाहींच. म्हणून प्रोसेसराला दुसऱ्या अवस्थेंत न्यावें लागतें. तिला संरक्षित अवस्था म्हणतात. तेथें पत्त्यांची ती सोळांची युक्ति चालत नाहीं. मेमरीचा कोणता भाग कोठें सुरू होतो, किती लांब आहे, आणि तेथें कोणाला काय करण्याचा अधिकार आहे, याचा एक तक्ता आधीं तयार ठेवावा लागतो. त्यांतील प्रत्येक नोंद आठ बाइटांची, आणि पहिली नोंद नियमानें रिकामी सोडलेली. तक्ता कोठें आहे हें प्रोसेसराला सांगितल्यावर एका विशेष रजिस्टरांतील अगदीं एकं स्थानचा बिट शून्याचा एक करावयाचा, आणि लागलीच एक लांब उडी घ्यावयाची. बिट बदलला तरी प्रोसेसराच्या मनांत जुन्या भागाचीच आठवण असते. उडी घेतल्यावरच तो नवा तक्ता वाचून नव्या रीतीनें चालूं लागतो.

यापुढें आणखी एक पायरी आहे. आजचे प्रोसेसर चौसष्ट बिटांचे असतात, ए.एम.डी. कंपनीनें या घराण्यांतील असे पहिले प्रोसेसर २००३ सालीं बाजारांत आणले. त्या अवस्थेंत जावयाचें तर पानांचे तक्ते लागतात; म्हणजे मेमरीचीं ठराविक मापाचीं पानें पाडून, कार्यक्रम जो पत्ता उच्चारतो तो प्रत्यक्षांत कोणत्या पानावर आहे, हें लिहून ठेवावें लागतें. येथें एक मोठा धोका आहे. ज्या क्षणीं ही व्यवस्था चालू होते, त्या क्षणीं जी आज्ञा चालली आहे तिचाहि पत्ता नव्या तक्त्यांतून शोधला जातो. तो तेथें नसला तर पुढचें पाऊल टाकावयास जमीनच नाहीं! म्हणून लिनक्स आरंभीं अगदीं साधा तक्ता मांडतो : प्रत्येक जागेचा नवा पत्ता तोच तिचा जुना पत्ता. दोन मेगाबाइटांचें एक पान, अशा २,०४८ नोंदी करून तो पहिले ४ गिगाबाइट झांकतो. मग पाय घट्ट रोवून, व्यवस्था चालू करून, पुन्हां एक उडी. आणि त्यानंतरच दाबून बांधलेला मोठा कर्नेल उलगडून खऱ्या कामाला लागतो.

इतकें समजल्यावर आम्हीं वही पुन्हां उघडली, आणि आतां ती वाचतां येऊं लागली. आमच्या विद्यार्थ्यानें ५१० बाइटांत फाटक उघडलें होतें, तक्ता मांडला होता, बिट बदलला होता, उडी घेतली होती. आणि संरक्षित अवस्थेंत पोहोंचल्यावर ७,५३,६६४ या पत्त्यावर एक अक्षर लिहिलें होतें. जुन्या रीतीच्या पडद्याची मेमरी तेथें सुरू होते. एका बाइटांत अक्षर आणि पुढच्यांत त्याचा रंग. पांचव्या पानावर त्यानें पेन्सिलीनें लिहिलें होतें : ‘अक्षर दिसतें आणि नाहींसें होतें. कां?’ त्याखालीं पान कोरें होतें. नंतरचीं पानेंहि कोरीं होतीं. कारण त्यापुढें वही आमच्या खणांत होती.

त्या ‘कां’चें उत्तर शोधावयास आम्हांला चार रात्री लागल्या. यंत्रांत एक घड्याळ असतें. तें जुन्या रीतीप्रमाणें प्रोसेसराला सेकंदाला सुमारे १८ वेळां हांक मारतें. कळफलक, डिस्क हींहि हांका मारतात. या हांकेला इंटरप्ट म्हणतात. हांक आली कीं प्रोसेसर हातचें काम ठेवून एका निराळ्या तक्त्यांत पाहतो, आणि या हांकेला उत्तर कोणी द्यावयाचें तें शोधतो. जुन्या अवस्थेंतला हा तक्ता संरक्षित अवस्थेंत वाचतां येत नाहीं; तेथें नवा लागतो. आमच्या विद्यार्थ्यानें तो केला नव्हता. तेवढ्याशा कामाला त्याची जरूरहि नव्हती. परंतु मग हांका तरी बंद करावयास हव्या होत्या. त्या तशाच चालू राहिल्या. अक्षर उमटलें, सेकंदाच्या अठराव्या भागाच्या आंत घड्याळानें हांक मारली, प्रोसेसरानें तक्ता पाहिला, तों अर्थ लागेना. ही झाली पहिली चूक. ती चूक सावरावी म्हणून त्यानें त्याच तक्त्यांत पाहिलें. तेथेंहि अर्थ लागेना. ही दुसरी. दुसरी सावरावयास गेला, तों तिसरी. तिसऱ्या चुकीनंतर प्रोसेसर आपलें काम थांबवितो, आणि यंत्राचा बोर्ड त्याला पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे त्या सायंकाळीं यंत्र बिघडलें नव्हतें. स्टार्टर पडला होता. मोटार धड होती.

हांका बंद करण्याची आज्ञा केवढी? एक बाइट, किंमत २५०. लिनक्सच्या त्या भागांत संरक्षित अवस्थेकडे निघतांना सर्वांत आधीं हीच आज्ञा दिलेली आहे. तेवढ्यानेंहि त्याचें समाधान होत नाहीं. जिला ही आज्ञा अडवूं शकत नाहीं अशी एक तांतडीची हांक असते, तीहि तो निराळ्या उपायानें अडवितो. हांका गोळा करणाऱ्या चिपांनाहि गप्प राहण्यास सांगतो. मगच तक्त्याला हात घालतो. आणि बंद केलेले हे कान तो लवकर उघडीत नाहीं. २५६ नोंदींचा हांकांचा तक्ता तयार झाला, प्रत्येक हांकेला कोणी उत्तर द्यावयाचें तें ठरलें, घड्याळ नीट लागलें, कीं मगच ते उघडतात. पडदा काळा असतो त्या वेळांत हें सर्व चाललेलें असतें. आणि आम्ही त्याला झोंप म्हणत होतों.

याच वाचनांत आणखी एक गोष्ट आढळली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या कक्षांतील यंत्रांत प्रत्येकीं दोन प्रोसेसर एकाच चिपेवर आहेत. मोठ्या यंत्रांत ते कितीतरी असतात. आरंभीं त्यांतील एकच जागा होतो. बाकीचे स्वस्थ राहतात. पहिल्याची सिद्धता पुरी झाली म्हणजे तो इतरांना एकेक करून उठवितो. परंतु उठणारा प्रत्येक जण पुन्हां १९७८ सालींच जागा होतो! पहिला चौसष्ट बिटांच्या अवस्थेंत पोहोंचला म्हणून दुसऱ्याला तेथून आरंभ करतां येत नाहीं. म्हणून पहिल्या एक मेगाबाइटच्या आंत, जेथपर्यंत त्या नवजाताची दृष्टि पोहोंचते तेथेंच, त्याच्यासाठीं एक छोटा मार्ग बांधून ठेवलेला असतो. त्यावरून तो तींच पावलें स्वतः टाकतो : तोच तक्ता, तोच बिट, तीच उडी. पहिल्यानें केलेल्या तयारीमुळें त्याची वाट आंखूड झालेली असते, परंतु ती चालावी मात्र त्यालाच लागते. आम्ही शिक्षक हें वाक्य वाचून थोडा वेळ पुस्तक मिटून बसलों, तर वाचक आम्हांस हंसणार नाहींत.

आतां हीहि गोष्ट सांगणें अवश्य आहे कीं, नव्या यंत्रांत ही वाट पुष्कळ बदलली आहे. यूईएफआय नांवाची नवी व्यवस्था बायॉसच्या जागीं आली आहे. ती कर्नेलच्या हातीं प्रोसेसर देते तो बहुधा चौसष्ट बिटांच्या अवस्थेंत आणूनच देते. तथापि प्रोसेसर जागा होतो तो अजूनहि त्या जुन्याच अवस्थेंत. तेवढीं पावलें कर्नेलऐवजीं दुसऱ्या कोणी तरी टाकलेलीं असतात. इंटेल कंपनीनें २०२३ सालीं असा विचार मांडला होता कीं, हा जुना आरंभ काढून टाकून प्रोसेसरानें थेट नव्या अवस्थेंतच जागें व्हावें; परंतु २०२४ सालीं तो बेत मागें घेतला. आमचीं यंत्रें जुनीं आहेत, म्हणून ही सर्व वाट आमच्या मुलांना अजून पायीं चालून पाहतां येते. दान मिळालेल्या जुन्या वस्तूंचा असाहि एक लाभ असतो.

सुटी संपल्यावर पहिल्याच दिवशीं आम्ही त्या वर्गावर गेलों. ज्या वर्गासमक्ष आम्हीं त्याला बोल लाविला होता, त्याच वर्गासमक्ष सांगितलें कीं, यंत्र बिघडलें नव्हतें. तो सांगत होता तें खरें होतें. आम्हीं न समजतां शिक्षा केली. वर्ग अगदीं शांत झाला. शिक्षक असें बोलतांना मुलांनीं फारसे पाहिलेले नसतात. आम्हांलाहि तें बोलणें सोपें गेलें नाहीं. मग आम्हीं त्याची वही व पेनड्राइव्ह त्याच्या हातीं दिला. चार रात्रींच्या श्रमानें मिळालेलें उत्तर एकदम सांगून टाकावें असा मोह झाला होता, परंतु तो आवरून आम्हीं एवढेंच म्हटलें, “पांचवें पान पुन्हां एकदां पाहा.”

तो खालीं पाहत म्हणाला, “सर, चूक मला सांपडली आहे. बंदीच्या दुसऱ्याच आठवड्यांत सांपडली. हांका बंद करावयाच्या राहिल्या होत्या. पण वही तुमच्याकडे होती, आणि खोली...” पुढें तो बोलला नाहीं. बोलण्याची जरूरहि नव्हती. अडीच महिने त्या मुलाजवळ उत्तर होतें, आणि दाराची किल्ली आमच्या खिशांत होती.

त्या सायंकाळीं आम्ही दोघे कक्षांत बसलों. त्यानें एक आज्ञा घातली, पेनड्राइव्ह लाविला, बटण दाबलें. पडदा काळा झाला. आम्ही मनांत पावलें मोजीत होतों : पहिली उडी, बायॉस, पांचशें बारा बाइट, फाटक, तक्ता, बिट, दुसरी उडी. डाव्या कोपऱ्यांत वरच्या बाजूस इंग्रजी ‘ए’ हें अक्षर उमटलें, आणि तें तेथेंच राहिलें. दारांतून डोकावणारा एक मुलगा म्हणाला, “एवढेंच?” आम्हीं त्याला आंत बोलावून बसविलें, आणि त्याला सगळें समजावून सांगण्याचें काम आम्हीं केलें नाहीं. तें त्या अबोल मुलानें केलें. पाऊण तास तो बोलत होता. इतके शब्द त्याच्याजवळ आहेत हें आम्हांला त्या दिवशीं प्रथम कळलें.

कक्षाची दुसरी किल्ली हल्लीं त्याच्याकडे असते. काळ्या पडद्याकडे पाहून कोणी कुरकुर केली म्हणजे आम्ही अजूनहि “थांब, तयारी चालली आहे” असेंच म्हणतों, मात्र ‘कसली?’ असें विचारणाऱ्याला आतां पुरा एक तास देतों.

त्याच आठवड्यांत आम्ही त्याच्या वडिलांच्या दुकानीं गेलों. एका मोटारीची तार गुंडाळण्याचें त्यांचें काम चाललें होतें. आम्हीं सांगितलें, “तुमचें म्हणणें खरें होतें. स्टार्टरच पडला होता.” त्यांनीं हात पुसले, आम्हांला बसावयास स्टूल दिलें, आणि विचारलें, “मग सर, कशामुळें पडला होता?” आम्ही बसलों, आणि बटण दाबल्यापासून सांगावयास आरंभ केला.